आईचं गाव आणि इथलं पाणी

माझ्या आईचं गाव धरणात गेलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. ती पुन्हा कधी त्या बाजूला फिरकली नाही आणि गावाचा विषयही तिने काढला नाही.

गेल्या वर्षी ती इथे परदेशात, वुडलँड्सला आमच्याकडे राहायला आली. माझी मुलगी जवळच्या रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे बांध घालून केलेल्या तलावात, कयाक ही छोटी होडी वल्हवायला शिकत होती. नातीच्या हट्टामुळे आई आली खरी, पण काठावर पाण्याकडे पाठ करून बसली. शेजारी एक चिनी आजोबा गळ टाकून बसले होते.

"इथे कुणाचं गाव होतं का, विचार त्यांना," आई मला म्हणाली.

मी विचारलं. आजोबांनी पाण्याकडे बोट केलं. "आमचंच होतं. तिथे घर होतं, नारळाची झाडं होती."

"मग इथे बसवतं कसं तुम्हाला?" आईने माझ्याकरवी विचारलं.

"घराजवळ बसल्यावर बरं वाटतं," ते हसून म्हणाले.

आई हळूच पाण्याकडे वळून बसली. परतताना बसमध्ये ती नातीला आपली शाळा, नदीचा डोह, सगळं सांगत सुटली. आमचा स्टॉप मागे पडला, तरी ती थांबली नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघी तिच्या धरणावर गेलो. काठाकडे उतरताना आईच पुढे होती.