टाका ध्यानात ठेवणारा कॉम्प्युटर

‘ताई, पाहुणा उठून नाही राह्यला,’ अमडापूरहून सलीमभाईंचा फोन. आवाज पार उतरलेला. मी चिखलीतलं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बहिणीवर सोडलं आणि स्कूटी काढली.

हा पाहुणा कोण, ते आधी सांगते. सलीमभाईंचा कॉम्प्युटर-एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे. डिझाइन बनवायचं त्यांचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालायचं आणि तो जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. म्हणून मी त्याच्या अख्ख्या डिस्कची नक्कल काढली आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये एका फाइलमध्ये बसवली. नवा, खराखुरा कॉम्प्युटर तो होस्ट, म्हणजे यजमान. त्याच्या आत एका चौकटीत चालणारा जुना तो गेस्ट, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. गेस्टला मेमरी, डिस्क वाटून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर. सलीमभाईंनी यातला पाहुणा तेवढा लक्षात ठेवला.

कारखान्यात पोचले तर मशीनवर लाल लेहंग्याची चोळी चढलेली. रविवारी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. गळा भरून झाला होता, बाह्यांचं डिझाइन गेस्टमध्ये अडकलेलं. अख्खं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं.

बंद कसा केला, असं मी विचारलं.

‘मेन पाडला. रोजच पाडतो न आम्ही.’

तिथेच सगळं कळलं. एम्ब्रॉयडरी मशीनला टाका लक्षात राहतो. लाइट गेली तरी पुन्हा त्याच टाक्यावरून शिलाई सुरू होते. त्यामुळे जेवणाला, नमाजला उठताना हे लोक सरळ मेन स्विच पाडायचे. कॉम्प्युटरही त्यातच. गेस्ट डिस्कवर काहीतरी लिहीत असताना वीज गेली आणि त्याची फाइल बिघडली.

मी स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. व्हर्च्युअल मशीन त्या क्षणी जशी होती तशीच्या तशी जपून ठेवायची, तो स्नॅपशॉट. त्यावर परत गेलं की नंतरचं काम मात्र पुसलं जातं. हे ओळखून डिझाइनं पहिल्यापासून मी होस्टच्या फोल्डरमध्ये ठेवायला लावली होती. मी स्नॅपशॉटवर परत गेले आणि गेस्ट उठला. बाह्यांचं डिझाइन उघडलं. सलीमभाई स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे पुसले. माझाही जीव भांड्यात पडला.

‘मेन पाडू नये’ अशी पाटी लावता आली असती. पाट्या कोण वाचतं? मी यूपीएस बसवला आणि त्याची केबल होस्टला जोडली. एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप पाळायच्या सूचनांची यादी, लिहिली. मेन पडला की यूपीएस होस्टला कळवणार, होस्ट गेस्टला सेव्ह स्टेटमध्ये टाकणार, म्हणजे पडद्यावरचं सगळं आहे तसं डिस्कवर उतरवणार, आणि मग स्वतः बंद होणार.

आता मेन पाडा, म्हटलं. सलीमभाई जागचे हलेनात.

‘काऊन ताई? मोठ्या मुश्किलीनं उठला थो.’

शेवटी मीच पाडला. थोड्या वेळानं कॉम्प्युटर आपणहून बंद झाला. पुन्हा सुरू केला, तर बाहीच्या डिझाइनमधलं अर्धं काढलेलं पान पडद्यावर जसंच्या तसं.

सलीमभाईंनी पडद्यावरच्या पानावर बोट ठेवलं. ‘म्हणजे आता याले बी टाका ध्यानात राह्यते.’

सेव्ह स्टेटची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळाली नव्हती. लग्नात नवरीच्या बाहीवर ते पान पाहिलं आणि मी बिर्याणी जरा ताठ मानेनंच खाल्ली.

अमडापुरात मेन आजही पडतो. माणसांची सवय मोडत बसले असते, तर अजून तिथेच असते. त्यापेक्षा स्क्रिप्ट लवकर लिहून होते.