माडीवरची निळी की पिवळी खोली

लग्न होऊन जुन्नरला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी यांनी पुण्याहून शिवणयंत्र आणलं. माडीवरची कोंदट खोली त्यासाठी मोकळी झाली आणि भिंतींना चुना आम्ही दोघी जावांनीच लावायचा असं ठरलं. मी हरखून गेले. माहेरी भिंतीला हात लावायचीही मुभा नव्हती, इथे रंग मी निवडणार होते.

चुन्यात नीळ घालायची, हे माझं आधीच ठरलं होतं. थोरल्या जाऊबाई लोणीच्या. त्यांना पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, हवी होती. निळ्यानं खोली थंड वाटेल, असं मी म्हणत होते. आधीच अंधारी खोली, त्यात आणखी थंडावा कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दोन वाडग्यांत दोन रंग कालवले आणि समोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन मोठे पट्टे ओढले. ओले होते तोवर दोन्ही मळकट दिसत होते. ते वाळेपर्यंत मला धीर निघेना. स्वयंपाक सोडून मी सारखी जिना चढत होते.

वाळल्यावर माझा निळा असा खुलला, की मी जाऊबाईंना हाताला धरून वर ओढत नेलं. त्यांनीही वाळलेल्या निळ्यावरून बोट फिरवून पाहिलं. मीच जिंकले असं मला वाटलं.

तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, जिन्याचा कठडा धरून वर आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस त्या आवाजावरून ओळखत. आमचा वाद त्यांना ठाऊक नव्हता. भिंत चाचपत त्या निळ्या पट्ट्यावरून पुढे गेल्या, पिवळ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "हितं खिडकी पाडली व्हय गं?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"न्हाई, आत्याबाई, रंग हाय त्यो," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

"मला दिसतोय की," म्हणून आत्याबाईंनी भिंतीवर तळवा टेकवला आणि तो तिथेच ठेवला.

माझा निळा कुठल्या कुठे गेला. मी पदर खोचला, सगळी पिवडी बादलीत ओतली आणि दिवेलागणीच्या आत चारही भिंती आम्ही पिवळ्या करून टाकल्या. चुन्यानं बोटं सोलवटली. जाऊबाई खोबरेल लावून देत होत्या आणि मी हसत होते.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई दुपारचं पान खायला माडीवर येऊ लागल्या. मी यंत्र चालवायची आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.