चपला हातात धरणारा माणूस

लकडगंजच्या मैदानावर मी वीस वर्षं कबड्डी खेळलो आणि वीस वर्षं तो त्याच कोपऱ्यात उभा असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. खेळणारे अनवाणी, म्हणून हाही चपला काढून हातात धरायचा. पुढे माती जाऊन मॅट आली, आम्ही बूट घालायला लागलो, तरी त्याच्या चपला हातातच. त्यामुळे टाळ्या त्यानं कधी वाजवल्याच नाहीत.

यंदा पहिल्याच चढाईत तिघांनी मला दाबून धरलं. "काका, घरी जा!" मागून पोरं ओरडली. त्यांच्या वयात मीही ओरडलोच असतो. बाद होऊन रेषेबाहेर बसलो, तर तो पहिल्यांदाच जवळ आला.

"लागलं काय गा?"

"नाही. पण आता होऊन नाही राहिलं. तुम्ही अजून काहून येता जी?"

"पहिले तू चढाईहून वापस येशील का नाही, ते पाहाले येत होतो. आता तू अजूनही जाऊन राहिला, ते पाहाले येतो."

तेवढ्यात आमच्या संघानं एक गडी टिपला आणि मी पुन्हा आत आलो. पुढची चढाई मीच मागून घेतली. पुन्हा पकडला गेलो.

उठून कोपऱ्याकडे पाहिलं. चपला खाली ठेवून तो टाळ्या वाजवत होता.