हळदीच्या गोडाऊनमधली टीम

आमच्या घरात दोन चादरी आहेत, त्या पाहुण्यांना देता येत नाहीत. पायाच्या बाजूला पिवळे डाग आहेत. साबण लावला की लाल होतात, उन्हात घातल्या की फिकटतात, पण पुरते जात नाहीत. मी त्या टाकलेल्या नाहीत. बनाबाईंची आठवण म्हणून ठेवल्यात म्हटलं तरी चालेल.

यांची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून सांगलीला आलो. माझी ज्ञानदा तेव्हा नववीत होती. साताऱ्यात तिची फुटबॉलची टीम होती, मैदान होतं, ओरडणारे सर होते. इथं आल्यावर ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती शहाण्यासारखी वागायला लागली. वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची, आणि बॉल कॉटखाली.

मग मीच फोन फिरवायला लागले. सांगली मिरजेच्या दिशेनं वाढतेय, दर वळणावर नवीन टर्फ. पण संध्याकाळ झाली की सगळीकडे बॉक्स क्रिकेटवाली पुरुषमंडळी. "पहाटे साडेपाचला देतो मॅडम," एकजण म्हणाला. उघडी मैदानं पावसाळ्यात विसरायची; काळ्या मातीत चप्पल रुतली की पाय तेवढा वर येतो. शेवटी गावाबाहेर एक छत असलेलं टर्फ सापडलं. ऑगस्टमध्ये तिथं मुलींचीही लीग होती, पाच-पाच जणींची.

"टीम घेऊन या," तिथला मॅनेजर म्हणाला. "आणि सराव तुमचा तुम्ही करायचा. आमच्याकडे संध्याकाळ रिकामी नाही."

शाळेतल्या तीन मैत्रिणी ज्ञानदानं कशाबशा तयार केल्या. ती धरून चार. पाचवी नाही, आणि सरावाला जागाही नाही.

जूनमध्ये मी वर्षाची हळद आणायला ओळखीच्या अडत्याच्या, नानासोंच्या गोडाऊनवर गेले. ज्ञानदा सोबत होती, पिशवीत बॉल होता. अलीकडे तो पुन्हा कॉटखालून बाहेर आला होता. हळदीची बरीचशी पोती निघून गेली होती. उंच पत्र्याखाली लांबच लांब गुळगुळीत फरशी मोकळी. ज्ञानदानं दारातून आत एक पाय टाकला आणि कुणीतरी ओरडलं,

"पायताण! पायताण बाहेर! लक्ष्मी हाय आत!"

ह्या बनाबाई. जतकडच्या. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं, नवरा गेल्यावर हळद निवडायच्या कामाला इथं आल्या आणि गोडाऊनच्या किल्ल्या सांभाळत राहिल्या. फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत नातीला, राणीला, शाळेसाठी घेऊन राहत होत्या.

ज्ञानदानं बूट काढले आणि अनवाणी बॉल ढकलला. पोत्याच्या थप्पीआडून राणी आली आणि तिनं तो असा परतवला, की पत्रा दणाणला.

"सापडली पाचवी," ज्ञानदा म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झाला होता.

नानासोंना बनाबाईंनीच गाठलं. "मालक, पोरी रोज नाचत्याल, तर तेवढीच फरशी झाडून निघंल. न्हाईतर मला एकटीला लय व्हतंय." नानासो हसले आणि हो म्हणाले. अट बनाबाईंची एकच, पायताण बाहेर. मग पाचही जणी अनवाणी खेळायला लागल्या. दोन्ही टोकांना दोन-दोन पोती, तो गोल. बारीक हळद उडायची, मुली शिंकायच्या, आणि पाय घोट्यापर्यंत पिवळे. त्या पायांनी घरच्या चादरी रंगल्या, की मी बनाबाईंकडे कुरकुर करायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये बायका विचारायच्या, "काय हो, कुणाचं ठरलं?"

आम्हाला गंमत वाटायची. पण लीगला आठवडा उरला असताना राणीचा बाप, तानाजी, अचानक गावाहून आला. लेक दारात बसून पाय धूत होती. पाय पिवळे, कोपर पिवळे, गालावर पिवळा पट्टा. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. मी तिथंच ज्ञानदाला न्यायला आले होते.

"आयं! मला न इचारता पोरीला हळद लावलीस?"

दिवाळीत बनाबाईंच्या भावानं आपल्या नातवासाठी राणीला मागणी घातली होती. तानाजीनं तेव्हाच नाही म्हटलं होतं. आता त्याला वाटलं, म्हातारीनं परस्पर उरकलं. तो तसाच वहाणांसकट आत घुसला. "कुठं हाय मांडव? कुठं हाय मामा? राणे, भर कपडे. न्हाई ठेवायची हितं!"

ज्ञानदा माझा दंड धरून उभी होती. राणी गेली की टीम गेली, हे तिला मोजून सांगायची गरज नव्हती.

बनाबाई झाडू घेऊन आल्या. "आदी पायताण काढ."

"आयं, मी काय म्हणतोय—"

"पायताण काढ, तान्या!"

त्यानं काढलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला हळद लागली तवा मी गजगं खेळत व्हते. अर्धा डाव तसाच राहिला बग. आन् मी हिला लावंन व्हय? भावाला मी काय सांगितलं ठावं हाय? म्हटलं, पोरगी खेळायलीया, मोकळी न्हाई."

तानाजीनं वहाणा उचलून दाराबाहेर ठेवल्या. बनाबाईंनी त्याला पोत्यावर बसवलं आणि मुलींना म्हणाल्या, "खेळा गं. बगू दे त्याला मांडव."

राणीचा पहिलाच फटका बापाच्या कानाजवळून गेला. तो दचकला, मग आपल्या पायांकडं पाहून हसला. तेही पिवळे झाले होते.

लीगच्या दिवशी त्या छताखाली पोचलो. पाचही जणींनी सवयीनं दारातच बूट काढले, ओळीत लावले आणि अनवाणी आत गेल्या. मॅनेजर मागं धावला, "अहो, बूट घालूनच खेळायचं असतं!" पहिली मॅच बुटांची सवय नसल्यानं हरल्या. दुसरी जिंकल्या. जाळीमागून तानाजी मेंढरं हाकावीत तशी आरोळी ठोकत होता. बनाबाई मात्र शेवटपर्यंत अनवाणीच उभ्या होत्या, नव्या हिरव्या गालिच्याच्या कडेला.

परतताना ज्ञानदा गाडीत अखंड बोलत होती. दमली तेव्हा राणीनं बोलणं पुढं चालवलं. मी बनाबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कशाचं बाई," त्या म्हणाल्या. "उद्या पाचला पाठवा. आन् चादरी धुवायच्या नादाला लागू नगा. परत पिवळ्या हुत्यात."