कांदेबागेतली पेशी

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे शालिग्राम फिरके सर म्हणजे प्रशिक्षणाचं पट्टीचं गिऱ्हाईक. कुठेही प्रशिक्षण निघालं की हे पहिल्या बाकावर हजर. जळगावहून परत आले की स्टाफरूममध्ये आम्हाला 'पाऊस टाळी' शिकवायचे. आधी एका बोटाने, मग दोन, मग धो धो. मी मराठी शिकवते, माझा त्या पावसाशी काय संबंध? पण सर ऐकतील तर शपथ! एकदा तर एका शोकसभेत त्यांचं बोट तळहातावर आलेलं पाहिलं आणि मी असे डोळे वटारले की विचारू नका.

एवढी प्रशिक्षणं केली, पण या माणसाने पेशी कधी पाहिली नव्हती. शाळेत मायक्रोस्कोप नाही, आणि प्रशिक्षणात पडद्यावर पेशी यायची वेळ झाली की नेमकी लाईट जायची. सर फळ्यावर विटांच्या भिंतीसारख्या पेशी काढायचे. नववीतल्या एका पोरीने तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही पाहिली का?" "नाही," म्हणाले बापडे. तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. जुलैअखेर निवृत्त व्हायचं होतं, त्याआधी शाळेत मायक्रोस्कोप आणायचाच.

अशात 'जोडशाळा' योजना आली. दोन शाळांच्या शिक्षकांनी मिळून एक पाठ घ्यायचा, पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम तो बघणार, आणि जमला तर त्यांनी आणलेला मायक्रोस्कोप यजमान शाळेला. यजमान आम्ही, रावेर तालुक्यातले. आमची जोडी लागली तिकडे धुळे जिल्ह्यात, नरडाण्याजवळच्या शाळेशी. तिथल्या धनसिंग गिरासे सरांनी फोनवर विचारलं, "तुमच्या शाळेजवळ काय आहे?"

"भिंतीला लागून कांदेबाग आहे ना!" फिरके सर म्हणाले.

"मग काय, सोनंच! पेशीचाच पाठ घेऊ. कांदेबाग तुमची, बाकी बठ्ठं मी आणतो." दोघेही खूश. प्रस्ताव गिरासे सरांनी लिहिला आणि पाठवलाही.

ठरल्या दिवशी गिरासे सर गाडीभर पोरं, चिमटे, ब्लेड, आयोडीन घेऊन आले. पुण्याच्या कामिनी मॅडम जीपमधून मायक्रोस्कोप घेऊन उतरल्या. फिरके सर नवा शर्ट घालून पुढे, मागे सगळी वरात बागेत शिरली. गिरासे सरांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि त्यांची अस्सल अहिराणी बाहेर आली. "फिरके सर, कांदा कथा शेतस?"

"कांदे कुठे म्हणजे? कसले कांदे?"

"आठे ते बठ्ठी केळीच शे!"

"केळीचीच असते कांदेबाग!" फिरके सर तडकले. "पावसाळा सरल्यावर केळी लावली की तिला कांदेबाग म्हणतात. मृगात लावली की मृगबाग. रावेरात शेंबडं पोरही सांगेल."

कामिनी मॅडमनी घाबरून आजूबाजूला पाहिलं. "मृगबागेत हरणं असतात का?"

पण प्रस्तावात तर कांद्याचा पापुद्रा होता! फिरके सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी धावत शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुंदरबाईंकडे गेले, कांदा मागितला. त्या माझ्यावरच उखडल्या. "कांदेनवमीला संपवला गावानं बठ्ठा कांदा. आता चातुर्मासात कांदा मागता? मास्तरीण असून?" किराणावाल्यानेही हात वर केले. व माय! आख्ख्या गावात कांदा नाही, आणि कांदेबाग मात्र नजर पोचेल तिथवर.

शेवटी गिरासे सरांनीच एक केळ सोललं, टाचणीच्या डोक्याएवढा गर काचेवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला आणि म्हणाले, "बघा सर." फिरके सर डोळा लावून वाकले ते उठेचनात. मग हळूच म्हणाले, "ज्योत्स्नाबाई, विटा नाहीत हो. पिशव्या आहेत, निळ्या दाण्यांनी भरलेल्या." त्यांचे डोळे भरून आले होते. मग दोन्ही शाळांच्या पोरांची रांग लागली. एकेक पोर बघून "आँ!" करत बाजूला व्हायचं आणि परत रांगेत घुसायचं.

मॅडमनाही पाठ आवडला. पण अडचण होती. "प्रस्तावात कांदा मंजूर आहे, केळ्याला मंजुरी नाही. अहवालात 'कांद्याची पेशी दाखवली' एवढं लिहून सही करा. मायक्रोस्कोप तुमचा."

"करा सही," मी म्हटलं. मुख्याध्यापकांनी पेन काढून दिलं. गिरासे सर हसत म्हणाले, "केळना बागले कांदेबाग म्हणाले चालस, मंग केळले कांदा म्हणाले काय व्हस?"

फिरके सरांनी पेन परत दिलं. "मॅडम, जन्मभर मी न पाहिलेलं शिकवलं. आज पाहिलं. आता त्याला कांदा म्हणा म्हणू नका."

मॅडमचा नाइलाज होता. मायक्रोस्कोप पेटीत गेला, पेटी जीपमध्ये गेली आणि जीप फाटकाबाहेर पडली. माझा असा संताप झाला! "सर, डोकं फिरलं का तुमचं? एक शब्द तर लिहायचा होता. हाता-तोंडाशी आलेला मायक्रोस्कोप घालवलात!"

"पोरं रांगेत उभी होती ना, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांनी केळ पाह्यलं. मी कांदा लिहिला असता, तर उद्या परीक्षेत त्यांनीही कांदाच लिहिला असता."