गाणारा मधोमध यायलाच पाहिजे!

कुणाच्या घरी स्पीकर आले की मला बोलावणं येतं आणि परतताना एक किस्सा सोबत येतो. जालन्यात आम्ही तिघं, मी, सलीमभाई आणि वाटूरचे अण्णा, दर रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये गाणी ऐकतो. माझं म्हणणं एकच : डोळे मिटले की गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध उभा दिसला पाहिजे! बातमीदारीत जन्म गेला, हट्ट सोडायची सवय नाही. पण अण्णांच्याकडे तो मधे येतच नव्हता. रिटायर झाल्यावर एवढी एकच हौस केलेला माणूस, त्याचा जीव टांगणीला!

* * *

सलीमभाईंनी घरी दोन्ही स्पीकर शोकेसवर एकमेकांना चिकटवून ठेवलेले.

"सख्खे भाऊ हायेत, एका जागी राहू द्या की!"

"वाटणी केल्याशिवाय यांचं जमणार न्हाई," मी ओरडलो.

दोन टोकांना ठेवले. सलीमभाईंनी शांतपणे ऐकलं.

"बराबर हाय. आमच्या भावांचंबी लांब गेल्यावरच जमलं!"

* * *

घनसावंगीला मेव्हण्यानं एक स्पीकर हॉलमध्ये, दुसरा स्वयंपाकघरात लावलेला. तबला इकडे, गाणारा तिकडे! मी अर्धा तास स्टिरिओ म्हणजे काय ते सांगितलं. मेव्हण्याची बायको पोळी लाटता लाटता म्हणाली,

"म्हणजे गाणारा माझ्याकडं हाय ना? मंग राहू द्या."

* * *

माझ्या घरी आवाज घुमायचा. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, घुमणं गेलं. संध्याकाळी पाहतो तर पुन्हा भिंतीला!

"माझी ओळ बदलायची संपादकाची हिंमत झाली नाही," मी बायकोवर कडाडलो.

"संपादक झाडू मारत होता का?"

* * *

आता अण्णा. त्यांची खुर्ची दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, मी स्वतः सुतळीनं मापलेली. तरी अण्णांचं एकच : "गाणारा डावीकडंच सरकून राह्यलाय."

म्हटलं, उजवा स्पीकर खराब! दुकानदाराला फोनवर असा झाडला, की बिचारा रविवारी दुकान सोडून आला. त्यानं उजवा स्पीकर डावीकडे नेला, डावा उजवीकडे आणला.

"आता?"

"डावीकडंच की हो!" अण्णा वैतागले.

मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. गाणारा बरोबर मधोमध. सलीमभाई बसले, त्यांनाही मधोमध. अण्णा पुन्हा बसले.

"डावीकडं," ते हळूच म्हणाले.

मी तोंड उघडलं तसा सलीमभाईंनी माझा गुडघा दाबला. दुकानदारानं गाणं बंद केलं आणि वायर गुंडाळू लागला.

वहिनी नेहमीप्रमाणे अण्णांच्या उजव्या हाताला बसून मेथी निवडत होत्या. त्या उठल्या, आपली खुर्ची उचलून अण्णांच्या डाव्या कानाशी ठेवली, मेथी पुन्हा मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"बंद कशाला केलं, भाऊजी? लावा की!"