दहा गुणांची सूट

लग्न होऊन मी ठाण्याहून डोंबिवलीला आले तेव्हा माझ्या सामानात एक कॅरम बोर्ड होता. सासूबाईंना तो पाहून हसावं की रागवावं ते कळेना. माहेरी तीन भाऊ आणि मी. चौथा गडी कमी पडायचा म्हणून सात-आठ वर्षांची असल्यापासून मला बोर्डावर बसवलेलं. भावांनी मला एक सोंगटी कधी सोडली नाही. मी हरले की रडायचे, आणि डोळे पुसून पुन्हा बसायचे. त्यामुळे खेळात कुणी आपल्याला काही सोडायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. डोंबिवलीत तेव्हा आमच्यासारखी नवी बिऱ्हाडं येत होती. चाळीच्या मागे भाताची खाचरं होती, आणि रुळांपलीकडे कोपरच्या बाजूला चालत गेलं की खाडी आणि मिठागरं. गणपतीत आमचं मंडळ शाळेच्या हॉलमध्ये कॅरमच्या स्पर्धा घ्यायचं. मंडळाचे सेक्रेटरी मुंबईला एका इंग्रजी कंपनीत होते. तिथल्या क्लबात साहेब लोक बिलियर्ड खेळत. दुबळ्या खेळाडूला आधीच काही गुण द्यायचे आणि तरबेज खेळाडूचे कापायचे, ही पद्धत सेक्रेटरींनी तिथे पाहिली आणि आमच्याकडे आणली. ते तिला हँडिकॅप म्हणत. बाकी सगळे सूट म्हणत.

सूट कुणाला किती, हे सेक्रेटरी घरी बसून ठरवत आणि यादी हॉलच्या दारावर चिकटवत. बायकांना सरसकट दहा. एकोणतीस गुणांचा गेम, त्यातले दहा न खेळताच हातात. ह्यांनी हौसेने माझं नाव घातलं तेव्हा मी यादी वाचून म्हटलं, "अहो, हे दहा कशाबद्दल?"

"बाई असल्याबद्दल," हे म्हणाले. "घे की. नको कशाला म्हणतेस?"

मी घेतले. खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन फेऱ्यांत ते मला आवडलेही.

यादीत अगदी तळाला एक नाव होतं, त्यापुढे उणे आठ. तो रुळांपलीकडच्या गावातला होता, मिठागरावर काम करणाऱ्या घरातला. वय माझ्याएवढंच, पंचवीसच्या आतबाहेर. आदल्या वर्षी तो पहिल्यांदा आला तेव्हा सेक्रेटरींनी त्याचे अनवाणी पाय आणि अंगातली बंडी पाहून त्याला नवशिका ठरवलं आणि सहा गुणांची सूट दिली. स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात तो चार वर्षं खेळत होता, हे कुणाला माहीत नव्हतं. त्याने सगळ्यांना धुऊन काढलं. मग लोक म्हणाले, यानं फसवलं, येत असून सांगितलं नाही. शिक्षा म्हणून या वर्षी उणे आठ.

फायनल आमच्या दोघांत आली. मला एकोणीस गुण करायचे होते, त्याला सदतीस.

रविवारची दुपार होती. हॉल भरलेला. सासूबाईही आल्या होत्या, मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. तो समोर बसला, बोर्डावर बोरिक पावडर टाकून तळव्याने हलकेच पसरली. बोटांना मिठाने भेगा पडलेल्या होत्या, आणि स्ट्रायकर मात्र असा सुटायचा की आवाजही नाही. पहिला बोर्ड त्याने राणीसकट घेतला, आठ गुण. त्याच्या खात्यात शून्य झालं. आठ गुण करून शून्य! लोक हसले. तो हसला नाही, चिडलाही नाही. दुसराही बोर्ड त्याचाच.

तिसऱ्या बोर्डापासून मी खेळायला लागले. म्हणजे खरं खेळायला. माहेर सोडल्यावर पहिल्यांदा समोर असा माणूस होता, जो माझी सोंगटी कुठे जाणार हे माझ्याआधी ओळखत होता. मी एखादी चाल लपवली की तो मान किंचित वाकडी करून बघायचा, आणि मला कळायचं, याला दिसलं. एकदा मी दोन काळ्यांच्या फटीतून पांढरी काढली तेव्हा तो हळूच "वा" म्हणाला. हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला ती चाल समजलीही नव्हती.

सातव्या बोर्डाला मी एकोणतीसवर पोचले. तो सतरावर होता. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी मला व्यासपीठावर पितळेचा डबा दिला आणि माता-भगिनींच्या प्रगतीवर बोलले. खाली उतरताना तो दाराशी उभा होता.

"वयनी, खेल अजून संपला नाय," तो म्हणाला.

मला वाटलं, हरल्याचा राग आहे. मी म्हटलं, "तुम्हाला फार कापले त्यांनी. तुम्ही आधी सांगायचं होतंत ना, चांगलं येतं म्हणून."

"मना इचारलंच कोनी नाय," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. मग नमस्कार करून गेला.

घरी येताना मागून कुणीतरी बोललं ते ऐकू आलं, "दहा दिले म्हणून जिंकली." रात्रीची जेवणं झाल्यावर मी धाकट्या नणंदेची पाटी घेतली आणि आकडे मांडले. माझे फुकटचे दहा काढले, त्याचे कापलेले आठ परत दिले. तो पंचवीस, मी एकोणीस. एकोणतीस कुणाचेच झाले नव्हते. तो म्हणत होता ते खरं होतं. खेळ मध्येच थांबवून आम्हाला घरी पाठवलं होतं.

"म्हणजे तो पुढे होता," हे पाटीवर वाकून म्हणाले.

"हो. पण तो सदतीस करायचे म्हणून धोका पत्करून खेळत होता, आणि मी दहा आहेत म्हणून सांभाळून. दोघंही खरे खेळलोच नाही."

पुढच्या वर्षी मी सेक्रेटरींच्या घरी गेले. म्हटलं, माझे दहा काढून टाका, आणि त्याचे उणे आठही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, सूट असते म्हणून तर सगळ्यांना संधी मिळते. सरळ खेळवलं तर दरवर्षी तोच जिंकेल. ते न्यायाचं आहे का?"

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या चाळीतल्या एक काकू त्या दहा गुणांमुळेच पहिल्यांदा बोर्डाला बसल्या होत्या आणि आठवडाभर आनंदात होत्या. त्यांचे दहा काढून घ्यावेत असं मला वाटत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मग निदान विचारा तरी एकेकाला." ते हसले. मी नाव घातलं नाही. तोही त्या वर्षी आला नाही.

मग ह्यांनीच सुचवलं, त्याला घरी बोलवू. त्याच्या गावची एक बाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची, तिच्याबरोबर निरोप धाडला. उलटा निरोप आला, दसऱ्यानंतर येतो. दसऱ्यानंतर मी बाळंतपणासाठी ठाण्याला माहेरी होते, आणि तो नेमका त्याच महिन्यात एका रविवारी आला. सासूबाईंनी चहा केला. बोर्ड काढून दाखवला तेव्हा त्याने फक्त हात फिरवून पाहिला, खेळला नाही. हे म्हणाले, "माझ्याशी एक डाव?" तर म्हणाला, "नको. वयनी येऊ द्या."

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा निरोप पाठवला. मासळीवाली म्हणाली, तो ठाण्याजवळ कोलशेतला कारखान्यात लागला, तिकडेच खोली घेऊन राहतो, सणाला येतो.

एकदा मी मुलीला कडेवर घेऊन त्याच्या गावी गेले. ह्यांना सांगूनच गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. त्याची आई दारात सुकट निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने वर पाहिलं.

"कॅरमवाली वयनी ती तू? यं, बस." तिने पाणी दिलं, मुलीच्या हातात गुळाचा खडा ठेवला. "सणाला आयला का इचारतो, ती वयनी अजून खेलते का म्हनून."

"सांगा, खेळते," मी म्हटलं. "रविवारी कधीही या म्हणावं."

परतताना मिठागरांच्या बांधावरून आले. पाण्यावर ऊन होतं, मुलगी खांद्यावर झोपलेली. त्यानंतर कितीतरी रविवारी मी जेवणं लवकर उरकून घेत असे. कारण कुणाला सांगितलं नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही. पुढे आम्ही कल्याणला राहायला गेलो तेव्हा नवा पत्ता कागदावर लिहून त्याच्या आईला देऊन आले. वाचता येत नव्हतं तिला. तिने कागद घडी करून चोळीत ठेवला.

तो आला नाही. आला असता आणि त्याचे उरलेले चार गुण करून मला हरवून गेला असता, तरी चाललं असतं. कल्याणच्या मंडळात मी नंतर पुष्कळ वर्षं खेळले, बक्षिसंही मिळाली. पण नवा कुणी समोर बसला की अजूनही मी आधी त्याची मान बघते. एखादी चाल लपवून बघते, त्याला दिसते का. नाही दिसत. मग मी गुपचूप माझी सोंगटी घेते.